माहीम स्थानकावरील स्मृतिफलकापाशी कोणती प्रार्थना करावी?

विरारहून चर्चगेटकडे जाणारी जलद लोकल माहीमला थांबत नाही. वांद्रे सुटले की खाडी लागते, खाडी ओलांडली की माहीमचे फलाट काही क्षणांत मागे पडतात आणि दाराशी उभे असलेले प्रवासी दादरला उतरण्याच्या तयारीला लागतात. आमच्या भागातील हजारो नोकरदार रोज असेच जातात आणि येतात. बुधवारी मात्र चित्र थोडे निराळे असते. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ सालापासून दर बुधवारी नित्य साहाय्यकारी मातेचा नोव्हेना चालत आला आहे आणि त्यासाठी दूरदूरचे भाविक धिमी गाडी पकडून माहीमला किंवा वांद्र्याला उतरतात. माहीमला उतरणाऱ्यांच्या हातात मेणबत्त्या असतात, फुले असतात, नवस असतात. ज्या स्थानकातून ही मंडळी घाईघाईने बाहेर पडतात, त्याच स्थानकात ११ जुलै २००६ रोजीच्या बॉम्बस्फोटांत मरण पावलेल्यांचा स्मृतिफलक आहे. त्यापाशी थांबणारे थोडे.

या फलकाविषयी लिहावे असे आमच्या मनात बरेच दिवस होते. निमित्त घडले ते एका प्रश्नाने. २०२५ सालच्या जुलैत या खटल्याचा निकाल उच्च न्यायालयाने दिला, त्यानंतर काही दिवसांनी धर्मग्रामातील एक सद्‌गृहस्थ आम्हांला भेटावयास आले. तीसएक वर्षे त्यांनी पश्चिम रेल्वेने प्रवास केला आहे. दर वर्षी ११ जुलैच्या आसपासच्या बुधवारी नोव्हेना आटोपला की ते त्या फलकापाशी जाऊन एक जपमाळ म्हणत असत. ते म्हणाले, “फादर, आता तिथं जाऊन काय मागायचं? मारणारे कोण, हेच ठरलं नाही. क्षमा तरी कोणाला करायची?” त्या वेळी आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुढील लेखन हे त्या उत्तराची भर होय.

प्रथम घटना. नव्या पिढीतील पुष्कळांना ती केवळ ऐकून ठाऊक आहे. मंगळवार, दिनांक ११ जुलै २००६. संध्याकाळची गर्दीची वेळ. चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या लोकल गाड्यांच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत बॉम्ब ठेवलेले होते. ६ वाजून २४ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि पुढील ११ मिनिटांत एकूण सात स्फोट झाले : माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या स्थानकांत किंवा त्यांच्या आसपास. दूरध्वनी आणि मोबाइल लागेनासे झाले. त्या रात्री वसई, नालासोपारा, विरार या बाजूला किती घरांची दारे उघडी राहिली असतील, हे त्या काळी येथे राहणाऱ्यांना सांगावयास नको.

मृतांचा आकडा ठिकठिकाणी वेगवेगळा वाचावयास मिळतो. न्यायालयीन कामकाजाच्या वृत्तांतांत तो १८७ किंवा १८९ असा येतो, इतरत्र २०९ असाही दिला जातो. जखमींची संख्या सातशेंहून अधिक होती. आकड्यांतील या फरकाचा काहींना राग येतो. त्यामागचे एक कारण मात्र ध्यानी घ्यावे. स्फोटात जखमी झालेली सर्वच माणसे त्या संध्याकाळी किंवा त्या आठवड्यात गेली नाहीत. एक तरुण नऊ वर्षे अंथरुणाला खिळून, बहुतांशी शुद्धीवाचून राहिला आणि २०१५ सालच्या जुलैत त्याने प्राण सोडला. त्याच्या घरच्यांसाठी ११ जुलै ही तारीख नऊ वर्षे लांबली. असे मृत्यू मोजावयाचे की नाही, आणि कोणत्या रकान्यात, याचे उत्तर ज्याचा त्याचा आकडा देतो.

स्फोटानंतर पहिल्याच आठवड्यात, १८ जुलै २००६ रोजी संध्याकाळी, मुंबईत भोंगे वाजले आणि शहर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले. वाहने थांबली, चित्रपटगृहांनी खेळ थांबवले. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी माहीम स्थानकात येऊन श्रद्धांजली वाहिली. सातही ठिकाणी नागरिकांनी मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून माहीम हे या स्मरणाचे मुख्य ठिकाण झाले आणि दर वर्षी ११ जुलैला मृतांचे आप्तेष्ट व प्रवासी तेथे फुले वाहण्यास येतात. गर्दी वर्षागणिक ओसरत गेली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टच लिहितो. स्फोटांच्या रात्रीच गाड्या पुन्हा धावू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी माणसे कामावर गेली, याचे वर्तमानपत्रांनी फार कौतुक केले. मुंबईची जिद्द, मुंबईचा बाणा असे शब्द छापून आले. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांना दुसऱ्या दिवशी गाडीत चढण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे त्या मथळ्यांत कोठे आले नाही. विसरणे हेच जेव्हा शौर्य ठरते, तेव्हा ज्याला विसरता येत नाही तो एकटा पडतो. स्मृतिफलकाची खरी गरज त्याला असते.

खटला

विशेष मोक्का न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१५ रोजी १२ जणांना दोषी ठरविले व एकाची मुक्तता केली. त्याच महिन्याच्या ३० तारखेस पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावण्यात आली. शिक्षा झालेल्या बारांपैकी एक जण २०२१ साली तुरुंगातच मरण पावला. पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली, मरण पावलेल्याचीही. सरकार पक्ष आरोप सिद्ध करू शकला नाही, साक्षीदार व ओळखपरेड विश्वसनीय नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. कबुलीजबाब छळ करून घेतले गेले हा आरोपींचा दावाही न्यायालयाने ग्राह्य मानला. राज्य शासन तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालास स्थगिती दिली ती केवळ तो अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरला जाऊ नये एवढ्यापुरती. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही, असेही स्पष्ट केले.

म्हणजे एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या कुटुंबीयांच्या हाती काय उरले? भरपाईची रक्कम, एखादे छायाचित्र आणि माहीमचा तो फलक. आमच्या सद्‌गृहस्थांचा प्रश्न या ठिकाणी उभा आहे.

मृतांसाठी प्रार्थना निकालावर अवलंबून नसते

स्मृतिफलक हा मृतांसाठी असतो. मारणाऱ्याचा शोध लागो वा न लागो, त्याला शिक्षा होवो वा न होवो, मृतांचे आपल्यावरील ऋण तेच राहते. हे वाक्य वाचावयास सोपे आहे. आचरणात मात्र आपण फलकापाशी उभे राहताच मनाने न्यायालयात जाऊन पोचतो.

आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला कळत होता. मुंबईच्या जुन्या गावठाणांतून फिरताना गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, घरांच्या मधोमध दगडी क्रूस दिसतात. त्यांतील पुष्कळ क्रूस १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली त्या काळातील आहेत. माणसे पटापट मरत होती, चर्चपर्यंत जाणेही अवघड झाले होते. लोकांनी आपापल्या वाडीत क्रूस उभारला आणि त्याभोवती उभे राहून जपमाळ म्हटली. साथ कोणी आणली यावर त्या काळीही तोंडी खटले चालले असतीलच. क्रुसापाशी मात्र प्रार्थनाच झाली. ते क्रूस म्हणजे एका परीने आपल्या समाजाची सार्वजनिक स्मारकेच होत, आणि आजही मे महिन्यात त्यांना हार घातले जातात. रेल्वे स्थानकातील फलकाकडे परका म्हणून पाहण्याचे आपणांस कारण नाही.

मृतांसाठी प्रार्थना करण्याचा पवित्र शास्त्रातील सर्वांत ठळक दाखला मक्काबी या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांना पुरण्यास यहूदा मक्काबी व त्याचे सोबती गेले, तेव्हा त्या मृतांच्या अंगरख्यांखाली परदैवतांचे ताईत सापडले. म्हणजे मृत माणसे निष्कलंक नव्हती. तरीही यहूदाने वर्गणी गोळा केली, दोन हजार द्राख्मा चांदी यरुशलेमला पाठविली आणि त्यांच्यासाठी पापबली अर्पण करविला. कोणाची पात्रता किती, याची चौकशी प्रार्थनेच्या आड आली नाही.

यातून दुसरा प्रश्न सुटतो, जो आम्हांला वारंवार विचारला जातो. मृतांत हिंदू होते, मुस्लिम होते, जैन होते, ख्रिस्ती होते. ज्यांचा स्नानसंस्कार झालेला नाही त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करता येतो काय? येतो. १९८३ सालच्या धर्मनियमसंहितेतील ९०१ वा नियम सांगतो की धर्मगुरूला कोणासाठीही, जिवंतांसाठी वा मृतांसाठी, मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. मिस्सातील चौथ्या युखरिस्तिक प्रार्थनेतही, ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे अशा मृतांचे स्मरण केले जाते. पुष्कळ वर्षे मिस्साला येणाऱ्यांनाही हे शब्द कानावरून गेलेले असतात. त्या सद्‌गृहस्थांनी अखेरीस ११ जुलैसाठी मिस्साचा हेतू नोंदविला, तेव्हा कार्यालयातील लिपिकाने वही उघडून नाव विचारले. मिस्साच्या वहीत आडनावासह नाव लिहिण्याची रीत आहे. बराच वेळ विचार करून त्यांनी लिहविले : “गाडीतील सर्व.”

तिसरी शंका अधिक नाजूक आहे आणि ती बहुधा वडीलधारी माणसे काढतात. अकस्मात मरण येऊ नये अशी प्रार्थना ख्रिस्तसभा शतकानुशतके करीत आली आहे. पापनिवेदन नाही, अंत्यसंस्कार नाही, ओठांवर येशूचे नाव घेण्यास अवधी नाही. अशा माणसाचे काय? योगायोग असा की ११ जुलै हा संत बेनेडिक्ट यांचा स्मृतिदिन आहे आणि सुमरणाचा आश्रयदाता म्हणून त्यांनाच हाक मारली जाते. मठात, प्रार्थनेत, सोबत्यांच्या आधाराने उभ्या उभ्या मरण पावलेल्या संताचा हा दिवस. आणि त्याच दिवशी, लोकलच्या दांडीला धरून उभे असलेल्यांना असे मरण यावे! तथापि संस्कार हे परमेश्वराने आपल्यासाठी नेमले आहेत, त्याने स्वतःचे हात त्यांना बांधून घेतलेले नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या घटनेत (परिच्छेद २२) शिकविले की ख्रिस्त सर्वांसाठी मेला आणि पवित्र आत्मा परमेश्वरालाच ज्ञात असलेल्या मार्गाने प्रत्येकाला त्या मरण-पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी देतो. फलकापाशी उभे राहून मृतांच्या गतीची चिंता करण्यापेक्षा त्यांना त्या दयेच्या स्वाधीन करणे अधिक ख्रिस्ती आहे.

शब्दांविषयी थोडेसे. अशा प्रसंगी भाषणांतून ‘शहीद’, ‘हुतात्मे’ हे शब्द सर्रास येतात. मुंबईवरील २००८ सालच्या हल्ल्यात कर्तव्य बजावताना प्राण वेचणाऱ्या पोलिसांना तो शब्द शोभतो. त्यांनी पुढे पाऊल टाकले होते. ख्रिस्तसभा ज्यांना रक्तसाक्षी म्हणते त्यांनी श्रद्धेपायी मरण पत्करलेले असते. ११ जुलैला गेलेल्यांनी काहीच पत्करले नव्हते. ते कचेरीतून घरी निघाले होते, पिशवीत रिकामा डबा होता, काखेत छत्री होती. त्यांना मोठी पदवी दिल्याने त्यांचा सन्मान वाढतो असे नाही. साध्या माणसांना साधेपणाने आठवावे.

मारणाऱ्यांसाठी काय मागावे?

शत्रूसाठी प्रार्थना करा ही प्रभूची आज्ञा आहे, तिच्यातून सूट नाही. अशा स्थळी ती कशी पाळावी याचा एक दाखला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी घालून दिला. २० एप्रिल २००८ रोजी ते न्यूयॉर्क येथे, ११ सप्टेंबर २००१ रोजी जेथील जुळे मनोरे कोसळले त्या जागी गेले. त्यांनी तेथे भाषण केले नाही. गुडघे टेकून मौन पाळले, एक मेणबत्ती पेटविली आणि प्रार्थना म्हटली. तीत मृतांसाठी याचना होती, मदतीस धावून प्राण गमावलेल्यांसाठी होती, जखमींसाठी होती, शोकग्रस्त कुटुंबांसाठी होती. आणि ज्यांची अंतःकरणे द्वेषाने ग्रासली आहेत त्यांना परमेश्वराने प्रेमाच्या मार्गावर वळवावे, हीही याचना होती. क्रम ध्यानात घ्यावा. आधी मृत, मग दुःखी, त्यानंतर द्वेष करणारे. जो आधीच्या दोघांसाठी रडला नाही त्याने तिसऱ्याला क्षमा करण्याची घाई करू नये.

न्यूयॉर्कला विमाने कोणी आदळविली हे ठाऊक होते. माहीमला ती जागा रिकामी आहे, आणि रिकामी जागा मनाला सहन होत नाही. मग आपण ती भरतो. शेजाऱ्याच्या नावाने, टोपीने, दाढीने, मोहल्ल्याने भरतो. येथे माहीमच्या भूगोलाचे स्मरण करून द्यावेसे वाटते. संत मायकल चर्च, मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आणि शीतलादेवीचे मंदिर ही तीन स्थाने येथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्या संध्याकाळी रुग्णवाहिका पोचण्याआधी रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसे धावून आली. घरातील चादरी आणून त्यांच्या झोळ्या केल्या, जखमींना उचलले, पाणी पाजले, मिळेल त्या वाहनात घातले. झोळीचे चौथे टोक कोणी धरले आहे हे कोणी विचारले नाही. जो फलकापाशी उभा राहून मनात एखाद्या समाजाविषयी विष कालवितो, त्याने त्या चादरींचाही विचार करावा.

यास्तव, आमच्या सद्‌गृहस्थांच्या प्रश्नाला आम्ही आता असे उत्तर देऊ : ज्यांनी हे कृत्य केले, ते कोणीही असोत, कोठेही असोत, जिवंत असोत वा मृत, त्यांच्यासाठी नावावाचून प्रार्थना करावी. परमेश्वराला ते ठाऊक आहेत. त्यांचे अंतःकरण पालटावे, त्यांनी सत्य सांगावे, ही मागणी करण्यास न्यायालयाच्या निकालाची आवश्यकता नाही.

आणि आणखी एका गटासाठी प्रार्थना करावी, ज्याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९७ वा परिच्छेद आम्ही या निमित्ताने पुन्हा उघडला. दहशतवाद हा न्याय आणि प्रीती यांविरुद्धचा गंभीर अपराध आहे असे त्यात म्हटले आहे, हे आम्हांला स्मरत होते. त्याच परिच्छेदात, त्याच्या लगेच पुढे, कबुलीजबाब मिळविण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा द्वेष शमविण्यासाठी केलेला छळ हाही मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे असे म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात आहेत. प्रवचनांतून आम्ही पहिला भाग अनेकदा सांगितला, दुसरा सांगितल्याचे आठवत नाही. उच्च न्यायालयाने जे म्हटले ते खरे मानले, तर बारा माणसांचीही आयुष्ये या प्रकरणात गेली. आणि त्या पाच जणांना २०१५ नंतर लगेच फासावर लटकविले असते, तर २०२५ सालचा निकाल त्यांच्या कबरींसमोर वाचावा लागला असता. फाशीची शिक्षा कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही, ही शिकवण पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२६७) घातली, तेव्हा आमच्याही भागात कुरकूर झाली होती. कुरकूर करणाऱ्यांत काही धर्मगुरूही होते.

याचा अर्थ मृतांच्या नातलगांनी गप्प बसावे असा नव्हे. क्षमा म्हणजे चौकशी सोडून देणे नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ मे १९८१ रोजी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्याला क्षमा केली, डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. परंतु तो इसम पुढेही अनेक वर्षे इटलीच्या तुरुंगात होता आणि २००० साली त्याला माफी मिळाली. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, चर्चमध्ये स्फोट झाले. तेथील कार्डिनल माल्कम रंजित यांनी लोकांना सूड घेण्यापासून परावृत्त केले. आणि निःपक्ष चौकशीची मागणी मात्र वर्षानुवर्षे सोडली नाही. नेगोंबोजवळील संत सेबास्तियन चर्चमध्ये पुनरुत्थित ख्रिस्ताच्या पुतळ्यावर मृतांचे रक्त उडाले होते. तेथील लोकांनी तो पुतळा धुऊन टाकला नाही, तसाच जतन केला. आमच्या मते या प्रश्नावर लिहिल्या गेलेल्या पुष्कळ पुस्तकांहून तो पुतळा अधिक सांगतो.

क्षमा कोणी करावयाची, हेही स्पष्ट असावे. ज्याचा मुलगा गेला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपणांस नाही. फलकापाशी असे कोणी भेटले तर त्यांना क्षमेवर प्रवचन देऊ नये. ऐकावे. नाव विचारावे, आणि ते नाव लक्षात ठेवावे. न्यूयॉर्कच्या स्मारकात कांस्यपट्ट्यांवर २,९८३ नावे कोरलेली आहेत. त्यांतील ज्याचा त्या दिवशी वाढदिवस असेल त्याच्या नावात एक पांढरे गुलाब खोचून ठेवतात. मरणाच्या तारखेऐवजी जन्माच्या तारखेला. आपल्याकडे तसली व्यवस्था नाही, पण एखादे नाव ठाऊक झाल्यास त्याच्या वाढदिवशी मिस्साचा हेतू नोंदविण्यास कोणाची हरकत असणार?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही लोक प्रभूकडे एक ताजी बातमी घेऊन येतात. पिलाताने गालीलकरांना बली अर्पण करीत असतानाच ठार केले होते. प्रभू मारणाऱ्यावर भाष्य करीत नाही, मृतांना अधिक पापी ठरवू देत नाही, आणि स्वतःहून आणखी एका दुर्घटनेची आठवण काढतो : शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची. मग बातमी आणणाऱ्यांनाच तो विचारतो की तुमच्या पश्चात्तापाचे काय. ऐकणाऱ्यांना हे बोलणे खचितच रुचले नसेल. माहीमला जाण्यापूर्वी घरी हा अध्याय शांतपणे वाचावा, अशी आमची सूचना आहे.

राहिल्या व्यवहारातील गोष्टी. वसई-विरारकडून येणाऱ्यांनी बोरिवली, अंधेरी किंवा वांद्रे येथे गाडी बदलून धिमी लोकल पकडावी. रेल्वेच्या आवारात उघडी ज्योत पेटवू नये; मेणबत्ती चर्चमध्ये लावावी, फलकापाशी फूल ठेवावे. गर्दीच्या वेळी मोठा समूह करून फलाट अडवू नये, मोठ्याने गायन करू नये, फलकासमोर स्वतःची छायाचित्रे काढू नयेत. मुलांना अवश्य न्यावे. त्यांनी ‘हे कोणी केलं?’ असे विचारल्यास, अजून ठरले नाही, हेच खरे उत्तर द्यावे. एक दशक पुरे. त्यास चार-पाच मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात पुढची गाडी येते.